एकशेपाच अंश

ऑफिसात मला सगळे ‘एकशेपाच’ म्हणायचे. तोंडावर सहसा नाही, पण मी जिना उतरत असलो की खालून कोणीतरी हळूच म्हणायचं, “एकशेपाच येतायत, गप्प बसा,” आणि ते मला ऐकू यायचं. नाव तसं वाईट नव्हतं. मातीतलं पाणी मोजायचं, तर माती वजन करून ओव्हनमध्ये ठेवायची, एकशेपाच अंशांवर चोवीस तास सुकवायची, आणि पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन कमी झालं तेवढं पाणी. तीस-बत्तीस वर्षं मी एवढंच काम केलं. निवृत्त झाल्यावरही मला रोजावर ठेवून घेतलं, कारण माती तोलत बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. नवीन माणूस आला की मी त्याला सगळं समजावून सांगायचो आणि तो चुकू नये म्हणून अंश दोनदा सांगायचो. त्यावरून नाव पडलं.

मला ते काम आवडायचं, त्याचं कारण सांगायला जरा संकोच वाटतो. मला स्वतःचं मत म्हणून काही नसायचं. चहात साखर कमी आहे असं वाटलं, तर मी आधी बाकीच्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचो. ते निवांत पीत असले तर माझीच जीभ बिघडली असेल असं समजून गप्प प्यायचो. आकड्याचं तसं नसतं. काचेच्या पेटीतला तराजू स्थिर झाला की तो तुम्हाला काय वाटतं हे विचारत नाही. माझ्यासारख्या माणसाला त्याचा फार आधार वाटतो.

आमच्या केंद्राचं काम म्हणजे वाळूच्या जमिनीत कमी पाण्यावर पीक उभं करणं. वस्तीतली सतरा शेतं एका पाइपावर होती. वाळूत पाणी टाकणं म्हणजे चाळणीत ओतणं. वर ओलं दिसतं तोवर खाली निघून गेलेलं असतं. पण वाळूत चिकणमाती मिसळली, तर तिचे बारीक कण पाणी धरून ठेवतात आणि निम्म्या पाण्यात भागतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आणि मीच ते ताईला वाचून दाखवलं होतं.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. ती कधी शाळेत गेली नाही, कारण मला शाळेत पोचवून तिला घरी परतायचं असे. पाइपाच्या अगदी टोकाचं शेत तिचं. तिच्या पलीकडे आणखी दोन घरं होती, पण त्यांचं पाणी तोडल्यावर ती माणसं निघून गेली. आता दारं वाऱ्यावर आपटत आणि वाळू उंबरा ओलांडून आत जात असे. ताई रोज सकाळी त्या घरांकडे बघायची आणि म्हणायची, “माझ्या दाराला मी कडी लावून ठेवणार आहे, धाकट्या. वाळूला म्हणावं, आधी दार वाजव.”

चिकणमाती तासाभराच्या वाटेवर होती, एका आटलेल्या तळ्यात. मी तिचा नमुना तपासला. बारीक कण भरपूर, म्हणजे उत्तम. ताईने दोन हिवाळे ती माती हातगाडीवरून वाहिली. एक घमेलं तळ्याची माती, दोन घमेली वाळू, असं करत तिने सगळं शेत हातभर खोल उलथून काढलं. तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. त्या मातीत बारीक चकाकणारे खडे होते. “साखर सांडल्यासारखी दिसते रे ही,” ती म्हणाली होती. मी एक खडा नखाने ओरखडला, तर त्यावर चक्क ओरखडा उठला. त्यावर मी काय विचार केला ते आता आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

पहिल्या हंगामात पाणी ठरल्या वारी मिळायचं. ताईची ज्वारी कंबरेच्या वर गेली, आणि मॅडम तिचे फोटो काढून घेऊन गेल्या. मॅडम म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. वयाने माझ्या मुलीसारख्या, मला काका म्हणायच्या. दुसऱ्या हंगामापासून खरी परीक्षा होती. पाणी वाराने नाही, मातीच्या गरजेने द्यायचं. सहा टक्क्यांच्या खाली ओल गेली तरच त्या शेताची चावी उघडायची. आणि ते सांगणार मी, चिठ्ठीवर.

चिठ्ठीची कल्पनाही माझीच. पूर्वी जो मोठ्याने ओरडेल त्याला चावीवाला पाणी सोडायचा. लोक मग माझ्याकडे यायचे, आणि मला तोंडावर नाही म्हणता येत नसे. म्हणून एका मीटिंगमध्ये मी उठून सुचवलं होतं की शेताचा नंबर, ओलीचा आकडा आणि माझी सही असलेली चिठ्ठी असेल तरच पाणी सोडावं. उभ्या नोकरीत माझी मान्य झालेली ही एकच सूचना. चावीवाला तेव्हापासून मला भेटला की हात पुढे करायचा, “आणा तुमची पत्रिका. जुळली तर लग्न लावतो.”

त्या हंगामात ताईच्या शेताला चिठ्ठी मिळेना.

दर चौथ्या दिवशी मी गिरमिटाने नमुना काढायचो, डबीत भरायचो, झाकण लावायचो, तोलायचो. बाकीची शेतं पाच, साडेपाच, चार दाखवायची आणि त्यांना पाणी जायचं. ताईचं शेत सहा पूर्णांक नऊ. मग सहा पूर्णांक आठ. मग पुन्हा नऊ. मला खरं तर अभिमान वाटत होता. ताईची मेहनत फळाला आली, तिची माती पाणी धरून बसली होती. एकच त्रास होता, तिच्या डब्या धुताना. सुकलेल्या मातीचा जो थर तळाशी राहायचा, तो पाण्यात भिजला की पांढरट खपलीसारखा घट्ट व्हायचा आणि चाकूने खरवडावा लागायचा. बाकीच्या शेतांच्या डब्या नुसत्या विसळल्या की साफ. मी चार-पाच आठवडे वैतागत खरवडत होतो. मग मी साबण बदलला.

एके दिवशी दुपारी ताई प्रयोगशाळेत आली. ती ऑफिसात कधी येत नसे. दाराशी चपला काढायला लागली, तेव्हा मी म्हटलं, राहू दे गं.

“राहू कसं दे? इथं सगळं पांढरं आहे.” तिने पदराची गाठ सोडून मूठभर माती टेबलावर ठेवली. “ही बघ.”

“ताई, असा नमुना चालत नाही. वाटेत सुकलेला असतो.”

“सुकलेला नाही. होताच असा. हातात घे.”

“हातात घेऊन काय कळणार?”

“मूठ दाबायची. लाडू झाला तर पाणी आहे, बोटांतून गळली तर नाही. तू चार वर्षांचा होतास तेव्हा तुला शिकवलंय मी हे. अंगणात बसून खेळायचास.”

मी माती मुठीत घेतली, दाबली. ती बोटांतून गळली. ताई माझ्याकडे बघत होती. “काय?” ती म्हणाली.

“काही सांगता येत नाही,” मी म्हणालो. “माझे हात कोरडे असतात.”

“तुझे हात कोरडे. बरं. आणि माझे?”

“हाताला फसायला होतं गं. बाहेर ऊन, अंग तापलेलं—”

“चुलीशी बसून तुला मोठा केलाय. मला ऊन शिकवू नकोस.” मग ती जरा हसली. “त्या भट्टीला विचार ना, सहा टक्के पाणी आहे तर पान का वळतंय? सकाळीच वळतंय हल्ली. भाल्यासारखं उभं राहतंय.”

दुसऱ्या दिवशी मी शेतावर गेलो. पानं खरंच सुरळीसारखी वळली होती आणि त्यांचा हिरवा रंग राखट झाला होता. मी ओळींच्या मधे बसून मातीत बोटं खुपसली, दोन पेरं, मग चार पेरं. कोरडी होती. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मनात असं म्हणालो की कोरडी वाटते आहे. ‘आहे’ आणि ‘वाटते आहे’ यांत मी आयुष्यभर एक पाऊल मागे उभा राहत आलो. मुळांना कीड असेल, क्षार असतील, बियाणं हलकं असेल, असं सगळं मी त्या बांधावर बसून आठवून काढलं. तीन ठिकाणचे नमुने घेतले, दोन वेगळ्या ओव्हनमध्ये ठेवले. सहा पूर्णांक आठ, सहा पूर्णांक नऊ, सहा पूर्णांक नऊ. इतके जुळणारे आकडे क्वचित मिळतात. माझी खात्री पटली.

संध्याकाळी मी ते सांगायला गेलो तेव्हा ताई ओट्यावर बसली होती. चावीवालाही होता, टोकाची चावी तिच्या घरासमोरच होती आणि तिथे त्याचा चहा ठरलेला असे.

“कणीस बाहेर पडायची वेळ आहे,” ताई म्हणाली. “आता एक पाणी मिळालं तर मिळालं. नंतर महापूर आला तरी उपयोग नाही.”

“ताई, आकडा सातला टेकलाय.”

“पाच लिही.”

मला आधी कळलंच नाही. चावीवाल्याने कप खाली ठेवला आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

“चिठ्ठीवर पाच लिही. एकदाच. मी तुझ्याकडे आजवर काय मागितलंय?”

“खोटा आकडा कसा लिहू?”

“मी तुझ्या शाळेत खोटं वय सांगितलं होतं, म्हणून तुला एक वर्ष आधी घेतलं. तेव्हा तुला चाललं.”

चावीवाला म्हणाला, “एकशेपाच, लिहून टाका हो. मला काय, पाच काय न् पन्नास काय. कागद पाहिजे.”

मी म्हणालो, तसं केलं तर सतराच्या सतरा शेतांच्या आकड्यांना अर्थ राहणार नाही. आज बहिणीसाठी लिहिलं, उद्या कोणासाठी लिहीन. तसं ठामपणे मी आयुष्यात फार कमी वेळा बोललो असेन. ताईने माझा कप उचलला, त्यात अर्धा चहा होता, तो आत नेऊन ठेवला.

त्यानंतर तिने पिण्याच्या नळाचं पाणी शेताला घालायला सुरुवात केली. दोन बादल्या, घर ते शेत, पहाटेपासून. मला हे चावीवाल्याने सांगितलं. “माणशी ठरलेलं पाणी असतं, त्यातलं वाचवून घालतेय म्हातारी. स्वतः पीत नाही, ज्वारीला पाजते.” मी गेलो, म्हटलं, ताई, असं करू नकोस. ती म्हणाली, “तुझ्या आकड्यात भर पडेल म्हणून भितोस का?”

सातव्या दिवशी ती बांधावर पडली. उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात मी तिच्याजवळ उभा होतो. कंपाउंडर जाडजूड होता आणि एकसारखा बोलत होता. त्याने पांढरी पट्टीची गुंडाळी कोमट पाण्यात बुडवली, पिळली, आणि मनगटावर गुंडाळायला लागला. “आता गरम लागेल हं आजी. घाबरू नका. हे आपोआप तापतं.”

“विस्तव नाही तर तापेल कसं?” ताई म्हणाली. चेहरा घामेजला होता, तरी विचारलं.

“जिप्सम असतं ते. जिप्समच्या दगडात मुळातच पाणी असतं. दिसत नाही, पण दगडातच असतं. कारखान्यात भाजून ते उडवतात आणि त्याची पूड करतात. मग आपण पाणी दिलं की तापतं आणि परत दगड.” त्याने पट्टीवर टिचकी मारली. “बघा. झालंच.”

मी त्या पट्टीकडे बघत राहिलो. ती पांढरट होती, खपलीसारखी.

“किती अंशांवर भाजतात?” मी विचारलं.

“ते काय मला ठाऊक. फार नाही लागत म्हणतात. तुम्ही का पडलात चाट?”

मी ताईला तिथे बाकावर बसवलं आणि केंद्राकडे निघालो. धावलो असं म्हणणार होतो, पण या वयात मी धावू शकत नाही, चाललो. प्रयोगशाळेत ताईच्या शेताची सुकवलेली एक डबी होती. तिच्यात मी थोडं पाणी घातलं आणि कालवून ठेवलं. अर्ध्या तासाने चमचा आत जाईना.

मग पुस्तक काढलं. ते मी चार वेळा वाचलेलं होतं, समासात माझ्याच पेन्सिलच्या खुणा होत्या. ओल मोजण्याच्या प्रकरणात, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात एक टीप होती. ज्या मातीत जिप्सम आहे ती एकशेपाच अंशांवर सुकवू नये, कारण खनिजातलं पाणीही उडतं आणि ओल खोटी जास्त दिसते. अशी माती साठ अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत सुकवावी. त्या टिपेजवळ खूण नव्हती. मी तळटिपा वाचतो, हा माझा एक गर्व होता.

ताईने साखर म्हटलेले ते खडे. मातीतलं पाणी म्हणून मी आठवड्यामागून आठवडे दगडातलं पाणी मोजत होतो. मुळांना ते कधीच मिळणार नव्हतं.

साठ अंशांवर माती सुकायला तीन दिवस लागतात. मला खरं तर थांबायची गरज नव्हती. चमचा आत जात नव्हता, त्यातच सगळं आलं होतं. तरी मी थांबलो. तिसऱ्या दिवशी आकडा आला, तीन पूर्णांक सहा. मी चिठ्ठी लिहिली, स्वतः नेऊन दिली. चावीवाल्याने ती वाचली, टोकाची चावी उघडली आणि पाणी सोडलं. आम्ही दोघं बांधावर उभे राहिलो. पाणी ओळींमधून फिरलं. ताटं पिवळी, वाजणारी. एकाही कणसात दाणा नव्हता. चावीवाला म्हणाला, “मेलेल्याला आंघोळ.”

मॅडमचा अहवाल तयार होत आला होता. तो माझ्यासमोर आला तेव्हा मी ताईच्या शेताची ओळ वाचली: ‘पुरेशी ओल असूनही पीक गेले; शेतकऱ्याचे दुर्लक्ष.’ दुर्लक्षाने पीक गेलं तर शेताचं पाणी तोडायचं, असा नियम होता. पलीकडची दोन घरं त्याच नियमाने ओस पडली होती.

मी मॅडमना सगळं सांगितलं. मधे दोनदा अडखळलो. डबी टेबलावर उलटी करून दाखवली. माती पडली नाही.

मॅडमनी डबी हातात घेऊन हलवून बघितली. “काका, तळ्याची माती आणखी चाळीस शेतांत टाकायचं ठरलंय. तुमच्याच आकड्यांवर.”

“हो.”

“ट्रक लागलेत.”

“हो.”

“तुम्ही बत्तीस वर्षं हे काम करताय.”

“तेच सांगतोय,” मी म्हणालो. “पुस्तकात होतं ते. माझ्याकडून सुटलं.”

त्या वाईट नव्हत्या. त्यांनी ट्रक थांबवले. त्यासाठी त्यांना वरून काय काय ऐकावं लागलं ते मला नंतर कळलं. ताईच्या ओळीतलं ‘दुर्लक्ष’ खोडून त्यांनी ‘मोजमापातील दोष’ लिहिलं आणि शेताला आणखी एक हंगाम पाणी मंजूर केलं. पण नियम तोच राहिला. ओलीचा आकडा, सही, चिठ्ठी. फक्त त्या शेताची माती आता साठ अंशांवर सुकवायची.

प्लास्टर काढलं तेव्हा ताईचा हात बारीक झाला होता आणि मनगट जरा वाकडं बसलं होतं. “येईल हळूहळू ताकद,” कंपाउंडर म्हणाला. पेरणीची वेळ झाली. मी आणि चावीवाल्याने मिळून पेरलं. माझ्या ओळी वाकड्या गेल्या, त्यावर तो म्हणाला, “पुस्तकातल्या ओळी सरळ असतात नाही का, तुम्हाला इथं पण छापील पाहिजेत.” ताई बांधावर बसून हसली. पीक गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली.

कोंब वर आले आणि पाचव्या दिवसापासून गरम वारा सुटला. आठव्या दिवशी सकाळी तिने मला बोलावणं पाठवलं. मी पोचलो तेव्हा ती शेतात बसली होती आणि तिचा उजवा हात मातीत होता.

“काय म्हणते माती?” मी विचारलं.

तिने मूठ भरून वर काढली, दाबली, उघडली. पुन्हा दाबली. “मला कळत नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“बोटांना काही लागतच नाही. माती धरली काय आणि चिंधी धरली काय. मला वाटलं प्लास्टर निघालं की येईल. महिना झाला.”

“डाव्या हाताने बघ.”

“बघितलं. डाव्याला ते येत नाही रे. सगळं उजव्यालाच शिकवलं होतं.” तिने हात पदराला पुसला. पुसताना ती बोटांकडे बघत होती, कारण नुसतं पुसून बोटं पुसली गेली की नाही हे तिला कळत नव्हतं. “माझ्या लेकीला फोन कर,” ती म्हणाली. “म्हणावं, येऊन घेऊन जा मला. आंधळ्याने शेती करू नये.”

चावीवाला रस्त्यापलीकडे चावीच्या चौकोनी खड्ड्यावर लोखंडी दांडा घेऊन उभा होता. “काय करायचं?” तो तिथूनच ओरडला. “कोंब माना टाकतायत. आज पाणी गेलं नाही तर उद्या झाडून काढायचे.”

नमुना आणि साठ अंश म्हणजे तीन दिवस.

मी खाली बसलो. गुडघे वाजले. मातीत हात घातला, चार बोटं, तळव्यापर्यंत. वर गरम होती, खाली कमी गरम, आणि सगळी कोरडी. मूठ भरली, दाबली. बोटांतून गळली. कोरडी. मी स्वतःला विचारलं, वाटते आहे की आहे? आणि विचारताना मला ऐकू आलं की मी काय विचारतोय.

खिशातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. शेताचा नंबर लिहिला. ओलीच्या रकान्यात चार लिहिलं. सही केली. हात मातीने भरला होता, त्यामुळे सही माझ्यासारखी आली नाही. चावीवाल्याने चिठ्ठी घेतली, आकडा बघितला, मग माझ्या रिकाम्या हातांकडे, गिरमिट कुठे आहे ते बघावं तसं बघितलं, आणि दांडा फिरवला.

पाणी आलं. ताई उठून घरात गेली.

मी तरीही नमुना घेतला. पाणी पोचायच्या आधी, शेताच्या दूरच्या कडेला. का घेतला ते सांगता येणार नाही. कदाचित मी चूक ठरावं, असं मला वाटत होतं. तीन दिवस तो साठ अंशांवर राहिला. चौथ्या दिवशी सकाळी तोललं, आणि काचेची पेटी बंद करून पुन्हा तोललं.

तीन पूर्णांक नऊ.

दुपारी मी ताईकडे गेलो. लेक आलेली होती आणि मागच्या खोलीत भांडी कागदात गुंडाळत होती. ताई ओट्यावर बसली होती. समोर शेत हिरवं होतं, कोंबांनी माना उचलल्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाठ केली होती. मी तिला आकडा सांगितला. मी चार लिहिलं होतं आणि ओव्हनने तीन पूर्णांक नऊ सांगितलं, असं म्हणालो. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल.

तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

“म्हणजे तुला येत होतं,” ती म्हणाली.

मी माझ्या हातांकडे बघितलं.

“त्या दिवशी तुझ्या ऑफिसात मी मूठभर माती आणली होती. तेव्हाही येतच असणार.”

आतून लेकीने विचारलं, कडी कुठली लावायची, आतली की बाहेरची. ताई म्हणाली, बाहेरची.